चौथं पार्सल

चष्मेवाल्याची लेक दोन वर्षं माहेरी फिरकली नव्हती. फोन केला की दोन मिनिटांत "ठेवते हं, बाबा". यायचं ते फक्त तिच्या मोडक्या चष्म्याचं पार्सल. सोबत चिठ्ठी, "उशीखाली आला." पुढच्या वेळी, "जिन्यात पडला." चष्मेवाला चिठ्ठ्या जपून ठेवायचा आणि चष्मा नव्यासारखा करून पाठवायचा. खोटं कशाला बोला, पार्सल आलं की त्याचा दिवस बरा जायचा. पोरीचा हात लागलेली तेवढीच वस्तू घरात यायची ना.

आज चौथं आलं. आत चिठ्ठीच नव्हती, म्हणून तो नुसता चष्मा बघत बसला. डावी काडी बिजागरीपाशी आत वाकलेली. चारही वेळा डावीच. उशीखाली आलेला चष्मा चपटा होतो, पडलेल्याच्या काचेचा टवका उडतो. समोरून उजव्या हाताची थप्पड बसली, तरच काडी अशी वाकते. परक्या गिऱ्हाइकाचं खोटं तो फ्रेम बघून ओळखायचा. आणि पोटच्या पोरीच्या वेळी हा शहाणा डोळ्यांवर कातडं ओढून स्क्रू पिळत बसला होता!

त्याने भरदुपारी दुकान बंद केलं.

"आधी जावयांशी बोलून तर बघा," बायको म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला माझी पोर घरी हवीय."

दार लेकीनेच उघडलं. जावई कामावर होता. चष्म्याविना ती डोळे बारीक करून बघत राहिली. "कोण?"

बापाला ओळखू नये तिने? "मी गं. बाबा."

"चष्मा झाला?"

"केलाच नाही. तुला न्यायला आलोय."

ती दाराला धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे, बाबा. उभ्या उभ्या करून देतात."

"मग एवढ्या लांब का पाठवायचीस?"

"चिठ्ठी ते वाचल्याशिवाय पाठवू देत नाहीत. म्हटलं, चष्मा बघून तुम्हाला कळेल." ती आत गेली आणि पलंगाखालून पिशवी ओढून घेऊन आली. "पहिलं पार्सल पाठवलं ना, त्याच दिवशी भरून ठेवलीय."