आजोबांचा आवाज आणि मी

मी एक जुनी मेमरीची पट्टी आहे, मित्रांनो. दुकानदार मंडळी मला रॅम म्हणतात. सध्या माझा मुक्काम टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. सोबतीला सुकलेल्या गोंदाची बाटली आणि कुठल्या कुलपाची ते कोणालाच ठाऊक नसलेली एक किल्ली. दोघीही फारशा बोलक्या नाहीत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मी आणि माझी जुळी बहीण एकाच खोक्यातून निघालो आणि एकाच संगणकात शेजारी शेजारी बसलो. संगणक चालू असेपर्यंत त्यात जे काही चालले असेल, ते धरून ठेवायचे हे आमचे काम. माझे स्वतःचे दिवस मला आठवतात. पण दुसऱ्यांनी ठेवायला दिलेले सगळे वीज गेली की पुसले जाते. त्याला माझा इलाज नाही.

आमचा संगणक घरच्या सूनबाईंचा. त्या घरांचे नकाशे काढत. "काय पळतोय हा!" असे त्या म्हणाल्या की आम्ही दोघी फुशारून जायचो.

त्यांचे सासरे, म्हणजे घरातले आजोबा, आयुष्यभर बसस्थानकावर गाड्या पुकारायचे. आवाज असा, की डुलक्या काढणारा प्रवासी खडबडून उठावा. निवृत्त झाल्यावर घरात पेलाभर पाणी मागितले, तरी शेजारी खिडकीतून डोकावायचे. मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला आणि आडपडदा न ठेवता सांगितले, की जीव वाचेल, आवाज मात्र राहणार नाही.

सूनबाईंना तेव्हा दिवस गेले होते. आजोबा म्हणाले, "येणाऱ्या बाळाला माझा आवाज ऐकू यायला हवा. गोष्टी भरून ठेवू आपण."

नवा मायक्रोफोन आला. पहिली गोष्ट आजीची होती. आजी जाऊन बरीच वर्षे झाली होती. आजोबांना लाज वाटली असावी. "ही मी एकटाच भरतो," म्हणून त्यांनी दार लावून घेतले. गोष्ट ऐन रंगात आली आणि संगणकाचा पडदा निळा झाला. संगणक बंद. जतन केलेले काहीच नव्हते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली, तर पुन्हा तेच.

दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी संगणकाचे खोके हलवून बघितले आणि म्हणाले, "मेमरी गेलीय. एक पट्टी खराब असणार."

"तपासून बघता का?" सूनबाईंनी विचारले.

"तपासण्यात फार वेळ जातो हो वहिनी. काढूनच बघू, लगेच कळेल."

खोके उघडायचे म्हणून त्यांनी सगळ्या तारा काढल्या, त्यात मायक्रोफोनचीही निघाली. मग मला बहिणीजवळून उपटून बाजूला ठेवले. संगणक सुरू केला, नकाशे उघडले, गाणी वाजवली. सगळे सुरळीत. "बघा, हीच होती," काका म्हणाले. मायक्रोफोन जोडून बघायचे कोणाच्या डोक्यातच आले नाही. मी ड्रॉवरमध्ये गेले आणि आजोबा तपासण्यांसाठी दवाखान्यात. हातचे दिवस असेच गेले.

घरी परतल्यावर आजोबा पुन्हा बोलायला बसले आणि संगणक पुन्हा बंद पडला. खरे तर मला आनंद व्हायला हवा होता. पण आजोबांचा तो उसासा ड्रॉवरमध्येही ऐकू आला.

काका फोनवर म्हणाले, "मग दुसरीही गेली असेल."

"थांबा," सूनबाई म्हणाल्या. "मी दिवसभर नकाशे काढते तेव्हा हा कधीच बंद पडत नाही. बाबा बोलायला लागले की पडतो."

"मग मायक्रोफोनचा ड्रायव्हर असणार. तो काढा आणि नवा घाला."

ड्रायव्हर म्हणजे मायक्रोफोन आणि संगणक यांची बोलणी जुळवून देणारा छोटासा प्रोग्रॅम. हा मध्यस्थच भांडण लावत होता आणि आळ आला माझ्यावर. नवा घातला आणि संगणक पुन्हा कधी अडला नाही. पण आता शस्त्रक्रियेआधी आजोबांच्या हातात एकच संध्याकाळ उरली होती. घोट घोट पाणी पीत ते एकामागून एक गोष्टी सांगत राहिले.

शेवटी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आईंची गोष्ट राहिली."

आजोबांचा घसा पार बसला होता. "ती नंतर सांगतो, निवांत," ते सवयीने बोलून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज गेला.

मित्रांनो, ती गोष्ट माझ्याजवळ दोनदा आली होती आणि मला तिच्यातला एक शब्दही आठवत नाही. बहिणीशेजारची माझी जागा अजून रिकामी आहे. तिथे परत जावेसे मला रोज वाटते, पण ती गोष्ट ऐकावीशी त्याहून जास्त वाटते. म्हणून एवढेच मागते. कोणावर आळ घेतलात, तर एकदा नीट तपासून बघा. आणि घरातले कोणी सांगायला बसले, तर आधी त्यांचे ऐकून घ्या, जतन करा. बाकीची कामे मागाहून होतात.

नात आता मोठी झाली आहे. आजोबांच्या सगळ्या गोष्टी तिला त्यांच्याच आवाजात पाठ आहेत. "आजोबा, आजीची सांगा ना," असे ती अधूनमधून म्हणते. आजोबा हसतात, सांगायला तोंड उघडतात, आणि मग तिचा हात हातात घेऊन नुसते बसून राहतात.