सिस्टर मार्थाविरुद्ध साक्ष

हमीद आणि कासम परकार हे भाऊ मूळचे रत्नागिरीचे, पण वकिली करायचे ती आखाताच्या उत्तरेकडच्या एका बंदरात. तिथे नवं सरकार आलं आणि त्याने कॅथलिक नन्सची शाळा, दवाखाना, सगळं ताब्यात घेतलं. नन्सचं वकीलपत्र घ्यायला कुणी धजेना, ते या भावांनी घेतलं. सरकारने सिस्टर मार्था आणि इतर नन्सबरोबर कासमलाही तुरुंगात टाकलं. हमीद कासमच्या बायकोला, तय्यबाला, घेऊन दोह्याला निसटला आणि एका कंपनीत क्लार्क झाला.

१९६२च्या उन्हाळ्यात त्या सरकारचा एक माणूस दोह्याच्या अल मुंतझा भागातल्या त्यांच्या घरी आला. नन्स परदेशाला बातम्या पुरवत होत्या, असं हमीदने प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं, म्हणजे कासम सुटेल. त्यांच्याच वकिलाने सांगितल्यावर शंका कोण घेणार? कासमला खोकल्यातून रक्त पडतंय, हेही तो जाता जाता सांगून गेला.

"खोटं आहे ना हे?" तय्यबाने विचारलं.

"साफ खोटं."

"सही केलीत तर सिस्टर मार्थाचं काय?"

"म्हातारी बाई. जिवंत बाहेर यायची नाही."

तय्यबाचं मूल पोटातच गेलं, तेव्हा याच मार्थाने उशाशी बसून तिला जगवलं होतं.

"माझा हात होत नाही," हमीद म्हणाला. "पण नवरा तुझा. तू म्हणशील तसं."

तय्यबा म्हणाली, "सही करा, भाई."

कासम आला तो नुसता हाडांचा सापळा. तय्यबाने त्याला पेज भरवून उभं केलं. एका दुपारी त्याने विचारलं, "मला सोडलं कसं?" तय्यबाने काही न लपवता सांगितलं.

"मी तिथे कशासाठी बसलो होतो, ते तुला ठाऊक होतं," एवढंच तो म्हणाला. आवाज चढला नाही. चालता येऊ लागताच तो उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या अल रुवैसला गेला आणि मासळीच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला लागला.

हिवाळ्यात सिस्टर मार्था तुरुंगात वारल्याची खबर आली. ती सांगायला दोघं ट्रकने रुवैसला गेली. कासमने ऐकून घेतलं, हातपाय-तोंड धुऊन वजू केला आणि नमाज पढला. मग त्यांना भात आणि मासळी वाढली. स्वतः जेवला नाही.

"संध्याकाळी ट्रक परत जातो," तो म्हणाला.

तय्यबा जेवली, कारण त्याने वाढलं होतं.

परतीच्या वाटेवर हमीदने विचारलं, "चुकलं का गं आपलं?"

"तो जिवंत आहे, भाई," ती म्हणाली, आणि तिने पदर तोंडावर ओढून घेतला.