छत्रीच्या पोटातला कंदील

औंढा नागनाथापासून दोन कोसांवर आमचे गाव वसलेले असून त्याच्या मधोमध ओढा वाहतो. शाळा पलीकडच्या तीरावर आणि आमची गल्ली अलीकडच्या तीरावर, अशी विधात्याने योजना करून ठेवली आहे. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला पाणी सुटले की ओढा मांडीपर्यंत भरतो, आणि माझी कन्या पंचफुला शाळेच्या घंटेचा ध्वनी घरात बसून ऐकते. त्या ओढ्यावर फरशीचा पूल व्हावा, एवढी एकच आकांक्षा मी अंतःकरणात बाळगून होतो. माझे नाव कोंडीबा. शिक्षण सातवीपर्यंत; व्यवसाय भिंती व पाट्या रंगविण्याचा.

सन १९७७ साली लोकसभेची निवडणूक झाली. पुढच्या वर्षाच्या आरंभी विधानसभेची झाली. तिची बोटावरची शाई पुरती उतरते न उतरते तोच ग्रामपंचायतीची लागली. आमच्या वॉर्डातून पुंजाजी उभा राहिला व त्याने पुलाचे अभिवचन दिले. त्याचे चिन्ह कंदील. प्रतिस्पर्धी धर्मसिंग, त्याचे चिन्ह छत्री. मी प्रत्येक भिंतीवर कंदील असा प्रज्वलित केला की रात्री वाट दिसावी. आमच्या गल्लीतील स्त्रियांनी तर सोजरामावशीच्या नेतृत्वाखाली नागनाथापुढे बेल उचलला, की कंदिलावाचून अन्यत्र शिक्का मारणार नाही. वरच्या आळीच्या स्त्रियांनी छत्रीसाठी तसाच बेल उचलला. पुंजाजी निवडून आला आणि गल्लीत गुलाल उधळला गेला.

परंतु हा आनंद क्षणभंगुर ठरला. कोणाच्या तरी तक्रारीवरून ती निवडणूक रद्द झाली, आणि दिवाळीनंतर पुनश्च मतदान ठरले. चिन्हांचे वाटपही नव्याने झाले. या खेपेस छत्री पुंजाजीला मिळाली आणि कंदील धर्मसिंगाकडे गेला.

मी चुना फासून कंदील झाकले व त्यांवर छत्र्या रेखाटल्या. दुर्दैवाने चुना पातळ निघाला.

मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत शाळेत शुकशुकाट होता. मतपेटीजवळचे साहेब जांभई आवरीत मला म्हणाले, "का हो पेंटर, या गावात माणसं राहतात ना?"

मी लज्जित होऊन तडक सोजरामावशीचे घर गाठले. त्या ओट्यावर कापसातील कचरा निवडीत बसल्या होत्या. शेजारी हलीमाचाची सुपारी कातरीत होत्या.

"मावशी, मतदानाची वेळ निघून चालली आहे. आपण उठावे."

"काहून? आमी मत दिलं की उन्हाळ्यात. ते कुठं गेलं?"

"ते रद्द झाले."

"मंग हे बी होईल. दर खेपी एक दिवसाचा कापूस बुडवावा, रांगेत उभं राहावं, अन् तुमी म्हनावं रद्द झालं. आमचं मत हाय का रस्त्यावरची पाटी, पुसली अन् लिवली?"

मी पुलाचा विषय काढला. तेव्हा त्यांनी हातातील कापूस खाली ठेवला.

"हे बघ कोंडीबा. कंदिलाला शिक्का मारला तर धर्मसिंग येतो. छत्रीला मारला तर बेल मोडतो. म्हून घरीच बसलेलं बरं. देव बी राजी, पुंजाजी बी राजी."

"पुंजाजी राजी कसा? तो पडेल ना!"

"पडंल, पन आमच्या हातानं न्हाई पडनार."

हलीमाचाची म्हणाल्या, "मैं भी जबान दी थी कंदील को. अब छतरी को कैसा मारूं? और तेरी छतरी भी कैसी रे कोंडीबा! उसके पेट में कंदील दिखता."

मी भिंतीकडे पाहिले. ते अक्षरशः सत्य होते. छत्रीच्या उदरात कंदील निर्लज्जपणे तेवत होता.

अशा बिकट प्रसंगी मला एक युक्ती स्फुरली. "मावशी, ज्या देवापुढे बेल उचलला, त्याच्याच पायी तो परत वाहिला तर?"

मावशींनी क्षणभर विचार केला. "मंग सुटतो. पन गाडी जुंप. पायी न्हाई येनार मी."

मी गाडी जुंपली. गल्लीतील झाडून साऱ्या स्त्रिया तीत बसल्या. हलीमाचाचीही, "तुम्हारा बेल छूटा तो मेरी जबान भी छूटी," असे म्हणून चढल्या. आम्ही औंढ्यास पोचलो, तो देवळाच्या पायऱ्यांवर वरच्या आळीची भिकाबाई सपरिवार बसलेली!

"सोजरा, तू बी बेल सोडायला आलीस काय गं?"

"व्हय. तू बी?"

"मंग काय तर! आमचा छत्रीचा व्हता न्हवं."

यावर उभय पक्षांत असा हशा पिकला की पुजाऱ्यांनी आतून दटावले. बेल वाहिला गेला. त्यानंतर पेढे झाले, पाणी झाले, कोणाच्या सुनेचे कसे चालले आहे हेही झाले. मी सूर्याकडे बोट दाखवून थकलो.

परतताना शाळा गाठण्यासाठी ओढा ओलांडणे आले. त्यात आमची आणि वरच्या आळीची, अशा दोन्ही गाड्या एकापाठोपाठ रुतल्या. पलीकडच्या काठावर पुंजाजी आणि धर्मसिंग आपापले मतदार शोधीत उभे होते. ते दृश्य पाहून दोघांनी धोतरे खोचली व पाण्यात उतरून गाड्यांना खांदा दिला.

"रेट की रे पुंजाजी, जेवला न्हाईस का?" भिकाबाई म्हणाली.

चाके हलली, तोच मावशींनी बैल थांबवायला लावले. देवळातून आणलेली ताजी बेलाची पाने त्यांनी पदरातून काढली.

"आमी आमचा बेल सोडून आलो. आता तुमी उचला. दोघं बी. कोनी बी येवो, पयला पूल."

धर्मसिंग म्हणाला, "मावशी, चिखलात?"

"चिखलातच. कोरड्यात तुमाला आठवत न्हाई."

दोघांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून बेल उचलला. आम्ही शाळेत पोचलो तेव्हा मतपेटीला लाखेची मोहर लागली होती. या धावपळीत पुंजाजी व धर्मसिंग यांनी स्वतःचेही मत दिलेले नव्हते, असे तेव्हा निष्पन्न झाले. पेटीत मूठभर मते निघाली आणि तीही समसमान. शेवटी चिठ्ठी टाकावी लागली व धर्मसिंग निवडून आला.

मी खिन्न झालो होतो. परंतु मावशी रोज सकाळी धर्मसिंगाच्या दारावरून जाताना नुसते विचारीत, "बेल वाळला का रं?" पुंजाजीही बेलाला बांधलेला असल्यामुळे त्याला विरोध करता येईना, उलट तोच दगड वाहू लागला. पावसाळ्याआधी पूल झाला.

पुढे जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. तिच्यासोबत पंचायत समितीचीही असल्यामुळे दोन मतपत्रिका येणार असे कळले. उमेदवारांचे प्रचारक पुलाच्या कठड्यावर चिन्हे काढायला मला घेऊन आले, तर मावशी कठड्यावर बसलेल्या. "आधी उमेदवार आना," त्या म्हणाल्या, "अन् येताना बेल आना." मी ब्रश पिशवीत ठेवला.

पंचफुलेस मात्र आता शाळा चुकविण्यास कोणतीच सबब उरलेली नाही, आणि त्याबद्दल ती पुंजाजी व धर्मसिंग या दोघांवरही सारखीच रुष्ट आहे.