तोतया सुरी

माझ्या सासूबाई बाजारातल्या ओट्यावर मासे साफ करून देतात. त्यांच्या घराण्यात ओटा आईकडून लेकीकडे जातो, पण एका अटीवर: लेकीने आईच्या सुरीच्या तोडीची सुरी आणून दाखवायची. तोडीची आहे की नाही, हे आई ठरवते. या नियमातला दोष कोणत्याही प्रशिक्षित मनाला ताबडतोब दिसावा. घराण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या कोणाला दिसला नव्हता.

माझी पत्नी कित्येक वर्षे सुऱ्या आणत होती आणि कित्येक वर्षे केवळ खवले काढत होती. एका सुरीविषयी सासूबाई म्हणाल्या, "ही माशाकडे रागाने बघते." दुसरी त्यांना आळशी वाटली. मी धातूंची कठिणता मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. पोलादाला स्वभाव असल्याचा पुरावा मला अद्याप मिळालेला नाही.

"या वेळी नाही म्हणाली, तर मी शीतगृहात पॅकिंगला जाते," पत्नीने एका सकाळी जाहीर केले. "दिवसभर खोकी चिकटवीन, पण खवले पुरे."

तेव्हा सुरीची निवड मी हाती घेतली. काट्यालगतचे मांस सोडवायला पाते अरुंद हवे, मणक्यावर दाबले की वाकणारे आणि सोडले की सरळ होणारे. खाऱ्या पाण्यात न गंजणारे. मूठ ओल्या हातातून न निसटणारी. या कसोट्यांना उतरलेली एक सुरी मी पत्नीसह दुकानातून आणली आणि सासूबाईंपुढे प्रस्ताव ठेवला: डोळ्यांवर पट्टी बांधून दोन्ही सुऱ्या चालवाव्यात.

"जावईबापू, सुरी कळायला हात लागतो. तुमचं ते यंत्र माशाला हात तरी लावतं का?"

"लावत नाही, आई. म्हणून तर ते कोणाची बाजू घेत नाही."

"बांधा हो पट्टी!" शेजारच्या ओट्यावरून कोळंबीवाली ओरडली. "नाहीतरी गिऱ्हाइकाशी भांडताना ती कुठे माशाकडे बघते?"

दुपारी गर्दी ओसरल्यावर आम्ही बसलो. दोन्ही मुठींवर सारखे फडके गुंडाळले. माशाची एक बाजू सोडवली की दुसरी नीट टेकत नाही आणि अवघड जाते. म्हणून प्रत्येक सुरीला दोन्ही प्रकारच्या बाजू समान दिल्या. प्रथमोपचाराची पेटीही जवळ ठेवली. संपूर्ण प्रयोगात उपयोगी न पडलेली ती एकमेव गोष्ट.

पहिल्या सुरीने सासूबाईंनी दोनच हात मारले. "ही कुठली पत्र्याची पट्टी दिलीत? काट्यावरून उड्या मारतेय. फेका!"

दुसरी त्यांनी हातात घेतली. पाते कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एका दमात गेले.

"ही माझी," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "आंधळीसुद्धा ओळखेल."

मी पट्टी सोडली, फडकी उलगडली. त्यांच्या हातात नवी सुरी होती. उड्या मारणारी त्यांची स्वतःची होती. यात नवल नव्हते: दगडावर घासून घासून पात्याचा पातळ भाग संपला होता आणि पाठीकडचा जाड भाग तेवढा उरला होता.

सासूबाईंनी दोन्हींकडे पाहिले. "म्हणजे माझी सुरी कोणीतरी बदलली होती."

"कधी?" मी विचारले.

"हिच्या जन्माआधीच असणार. तेव्हापासूनच माझा खांदा दुखतोय."

"आई, ही आम्ही परवा दुकानातून आणली!"

"मग तिथेच पडून असणार बिचारी, एवढी वर्षं."

"पात्यावर या वर्षाचा शिक्का आहे."

"जावईबापू, जो सुरी पळवतो तो शिक्का मारायला लाजेल?" त्यांनी नवी सुरी पुसून कमरेला खोचली. "माझी मला मिळाली. आता तू तुझी शोध, पोरी."

पत्नीने ॲप्रनची गाठ सोडायला घेतली. मला डोळ्यांसमोर खोकी दिसू लागली. मग तिचा हात थांबला आणि तिने टाकलेली सुरी उचलली.

"आई, ही तुझी नाही ना?"

"मेले तरी नाही."

"नक्की?"

"कोळंबीवालीच्या देखत सांगते. ती तोतया आहे."

"मग ही मी घेतली."

तिने मासा आडवा केला. ही सुरी ती रोज संध्याकाळी घासत आली होती. पाते कुठे अडते, कुठे उसळते, हे तिला ठाऊक होते. त्या त्या जागी तिने मनगट उचलले. मांस सुटून आले. सुबक नव्हे, पण अखंड.

सासूबाईंनी त्यावरून बोट फिरवले. एक काटा लागला. त्यांनी दुर्लक्ष केले, आणि हे मी प्रथमच पाहिले. मग त्यांनी सुरी मागून घेतली, उजेडात धरली, अंगठ्यावर तोलली.

"थोडी झिजली आहे. पण पोलाद चांगलं. कुठून आणलीस गं? अगदी माझ्या एवढ्या वर्षांच्या सुरीच्या तोडीची आहे."

मी तोंड उघडले. पत्नीने माझ्या पायावर पाय दिला.

सासूबाई फळीवर सरकल्या, लेकीला बसण्यापुरती जागा केली आणि माझ्याकडे वळल्या. "आहे ना तोडीची, जावईबापू? तुमचं यंत्र काय म्हणेल?"

"तंतोतंत," मी म्हणालो. त्या दुपारी ओट्यावर उच्चारले गेलेले ते एकमेव निर्विवाद विधान होते.