पालथ्या होडीखाली

पवई तलावावर एका छोट्या क्लबची शिडाच्या होड्यांची शर्यत होती आणि ती पार पाडण्याची जबाबदारी केयूरवर होती. सकाळपासून वारा पिसाटला होता. शर्यत रद्द करावी असं त्याच्या मनात येत होतं, पण सगळे तयार होऊन बसले होते, त्यात त्याची बायको अबोलीही. अखेर त्याने झेंडा खाली करून शर्यत सुरू केली.

पहिल्याच वळणावर अबोलीची होडी आडवी झाली आणि बघता बघता पालथी पडली. होडीतली तिची जोडीदारीण प्रियंका वर आली. अबोली आलीच नाही.

बचावाची मोटरबोट पार पलीकडच्या टोकाला होती. केयूरने काठावरून सरळ उडी मारली, होडी गाठली आणि तिच्यावर मुठी आपटल्या.

"अबोली! ऐकतेयस ना?"

पालथ्या होडीत थोडी हवा अडकली होती; तिथून बारीक आवाज आला, "केयूर, पाय दोरीत अडकलाय रे. पाणी वर चढतंय."

अंगातलं लाईफ जॅकेट त्याला खाली जाऊ देईना. त्याने ते काढून फेकलं आणि बुडी मारली. गढूळ पाण्यात काहीच दिसेना. चाचपडताना तिचा पाय सापडला, पण ती भीतीने इतक्या लाथा झाडत होती की दोरी हाती लागेना. त्याची छाती फुटायला आली. शेवटी त्याने तिचा बूटच ओढून काढला, तसा पाय सुटला.

दोघं वर आली. त्याच्या गळ्याला मिठी मारून अबोली म्हणाली, "आधी बाकीच्यांना परत बोलाव."

केयूरला अजून धाप लागली होती. प्रियंकानेच हात हलवून हाका मारल्या.