काचेवरची उशी

मलेशियातल्या तायपिंगात दुपारचा पाऊस सहसा चुकत नाही. त्यामुळे गाडीचे वायपर खराब झाले की गाडी बाहेर काढायची सोयच उरत नाही. हामदान आजारी पडल्यापासून गाडी अंगणात उभी होती आणि उन्हाने वायपरच्या रबराच्या चिंध्या झाल्या होत्या. सलबियाने ते पाहिलं तेव्हा तिला आधी बरंच वाटलं. गाडी न चालवायला एक कारण मिळालं होतं.

लायसन्स तिच्याकडे होतं. लग्नानंतर हामदाननेच हट्टाने काढायला लावलं होतं. पण आयुष्यभर बस चालवणारा नवरा घरात असताना तिने स्टिअरिंगला हात लावायची वेळच आली नाही. मग पक्षाघाताने त्याचा उजवा हात लुळा पडला आणि बोलण्यातले शब्द इकडचे तिकडे झाले. डोक्यात सगळं लख्ख असायचं, तोंडातून मात्र भलतंच बाहेर पडायचं. चहा हवा असला की म्हणायचा, ‘छत्री दे.’ मग स्वतःवरच चिडायचा. हल्ली तर तो गप्पच असायचा. परवा सलबियाने सहज विचारलं, “समुद्राकाठी जाऊ या का, क्वाला सेपेतांगला, तुमच्या भावाकडे?” तर त्याचे डोळे एकदम भरून आले. मग तिला माघार घेता येईना. तिने बाजारातून वायपरची नवी जोडी आणली.

सकाळी तिने गाडीशेजारी खुर्ची मांडून त्याला बसवलं, काठी हाताशी दिली आणि कामाला लागली. काचेपुढचा लोखंडी दांडा तिने उचलून उभा केला. जुनं पातं त्याच्या टोकाच्या आकड्यात अडकलेलं होतं.

कुंपणापलीकडे शेजारची गुआत कपडे वाळत घालत होती. शेजारीण कसली, बहीणच म्हणायची. ती म्हणाली, “सल, अगं गॅरेजवाल्याला बोलाव ना. गाडी आहे ती, शिवणयंत्र नाही.”

“गॅरेजवाला आला तर हे रागावणार कोणावर? मी बरी आहे त्यासाठी.”

हामदानच्या ओठाचा एक कोपरा हलला. ते हसू होतं का, ते सलबियाला कळलं नाही. त्याने डाव्या अंगठ्याने हवेत काहीतरी दाबून दाखवलं. तिने पात्याच्या मध्यावर चाचपलं, तर खरंच एक छोटी कळ होती. ती दाबून पातं खाली ओढलं तसं ते सुटून हातात आलं.

“उशी,” हामदान म्हणाला.

“काय हो?”

“उशी. उशी ठेव.”

पाठ अवघडली असेल म्हणून ती घरात गेली आणि उशी आणून तिने त्याच्या पाठीमागे सारली. त्याने ती ओढून काढली आणि मांडीवर आपटली. “उशी,” तो पुन्हा म्हणाला. आवाज चढला होता.

“दिली ना उशी? आता काय करू? आत झोपायचंय का तुम्हाला?”

त्याने मान जोरजोरात हलवली. सलबियाही वैतागली. हातात जुनं पातं, जमिनीवर नवी जोडी, डोक्यावर ऊन. ती पाठ फिरवून नवं पातं वेष्टणातून काढू लागली आणि तिच्या कोपराचा धक्का त्या उभ्या दांड्याला लागला.

स्प्रिंगचा दांडा फाडकन खाली आला. पण काच फुटल्याचा आवाज आला नाही. तिने वळून पाहिलं. हामदान कसाबसा उभा राहून बॉनेटवर ओणवा झाला होता. त्याचा डावा हात काचेवर होता आणि दांडा त्या हातावर पडला होता.

“अहो, एकच हात चालतोय तुमचा,” ती म्हणाली. तिने दांडा उचलला, त्याला खुर्चीत बसवलं. हाताच्या पाठीवर लाल वळ उठला होता. ती तो चोळत राहिली. तो तिच्याकडे पाहत नव्हता, खाली पडलेल्या उशीकडे पाहत होता.

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. या वेळी शब्द चुकलाच नव्हता. तीच चुकली होती.

तिने उशी उचलून झटकली आणि काचेवर, दांड्याच्या बरोबर खाली ठेवली. “अशी?”

हामदानने डोळे मिटले आणि मान डोलावली.

“माझ्या चांगल्या उशीची पार वाट,” ती म्हणाली आणि पदराआड डोळे पुसावेत तसे तिने डोक्याला गुंडाळलेल्या रुमालाच्या, तुडुंगच्या टोकाने पुसले.

नवं पातं आकड्यात सरकवून तिने वर ओढलं. खट्‌ झालं. दुसरंही बसलं. ती अभिमानाने मागे सरकून पाहू लागली, तोच मागून खुसखुस ऐकू आली. हामदान हसत होता. खांदे हलवून, तोंड वाकडं करून, आजारापूर्वी हसायचा तसा. लांब पातं चालकाच्या बाजूला हवं होतं. तिने आखूड तिकडे लावलं होतं आणि लांब इकडे.

“हसा, हसा,” सलबिया म्हणाली. “बसभर लोकांना हसवलंत, आता बायकोला हसा.” मात्र पाती बदलताना तिने मुद्दामच वेळ लावला. तेवढंच त्याचं हसणं लांबलं.

जेवण करून ते निघाले. शहराबाहेर पडेपर्यंत पावसाने गाठलंच. सलबियाने वायपर चालू केले. काच स्वच्छ पुसली जात होती, रस्ता दिसत होता, तरी तिचे हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते. गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती. मागून एक लॉरी येऊन भोंगा वाजवू लागली.

“वाजवू दे त्याला,” शेजारून हामदान म्हणाला. “तू सावकाश चल.”

कितीतरी महिन्यांनी त्याच्या तोंडून असं सरळ, अख्खं बोलणं आलं होतं. सलबियाने वळून पाहिलं नाही. लॉरी पाणी उडवत पुढे निघून गेली आणि ती तशीच सावकाश, कडेकडेने, समुद्राच्या दिशेने गाडी हाकत राहिली.