भैरवीचा पडदा

“बटण?” झुंबरमामांनी विचारलं.

“हो मामा. हिरवं दाबलं की पडदा उघडतो, लाल दाबलं की बंद होतो,” हर्षाली म्हणाली. “सुरुवातही तुम्हीच करायची आणि शेवटही. बाईंच्या फिल्मचा पडदा दुसऱ्या कुणाच्या हातात मला द्यायचाच नाहीये.”

मामांनी बटणांकडे पाहिलं, मग वर पाहिलं. दोरी कुठेच नव्हती. उमेदीची सगळी वर्षं ज्याने दोन्ही हातांनी पडदा ओढला, त्याला हे एका बोटाचं काम म्हणजे थट्टाच वाटली. पण पोरीने मानाने बोलावलं होतं, म्हणून ते बटणांपाशी उभे राहिले.

संगीत नाटकातल्या थोर गायिका सुमतीबाई रहाळकर जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या हयात असतानाच हर्षालीने त्यांच्यावर माहितीपट करायला घेतला होता. बाई मूळच्या नाशिकच्या, म्हणून पहिला खेळ इथे, गंगापूर रोडवरच्या सभागृहात ठेवला होता. झुंबर साळवे हे बाईंच्या कंपनीत पहिल्यापासून शेवटपर्यंत पडदा ओढायच्या कामावर होते. पुढे कंपनी मिटली, तेव्हा एका शाळेत शिपाई म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. शाळेतली घंटा वाजवतानाही त्यांचं निम्मं लक्ष नाटकातच असायचं, असं त्यांची बायको विमलाबाई म्हणायची, आणि ते खरं होतं.

विमलाबाई ठेवणीतली साडी नेसून विंगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. ती निफाडकडची. शहरात इतकी वर्षं काढूनही तिची भाषा काही बदलली नव्हती.

“म्होरं बसलो असतो तर सरळ दिसलं असतं. हितून बाई तिरप्याच दिसत्यान.”

“मी जन्मभर तिरप्याच पाह्यल्यात,” मामा म्हणाले.

ते खरंच होतं. पडदेवाला विंगेत उभा असतो. त्याला नट बाजूने दिसतात आणि प्रेक्षक तर दिसतच नाहीत, फक्त ऐकू येतात. कंपनीचा नियम कडक होता. घंटा झाल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही, मग रंगमंचावर आग का लागेना. मामांनी तो नियम एकदाच मोडला. त्या रात्री बाईंचा गळा बसलेला होता. भैरवीत वरच्या सुराला आवाज फाटला आणि सभागृह चिडीचूप झालं. बाईंनी विंगेकडे हात वर केला. मामांना वाटलं, बाई म्हणतायत, झुंबर, मला वाचव. त्यांनी दोरी सोडून पडदा पाडला.

बाई त्यांच्या समोरून तडक निघून गेल्या आणि पुन्हा कधी रंगमंचावर उभ्या राहिल्या नाहीत. पण त्यांची लाज आपण झाकली, ही गोष्ट मामांनी मनाशी जपून ठेवली होती. आपल्या साध्यासुध्या आयुष्यात एवढं एक काम नेटकं झालं, असं त्यांना वाटायचं. हर्षालीने मुलाखत घेतली तेव्हाही त्यांनी ते सांगितलं नाही. बाईंची अब्रू चव्हाट्यावर कशाला आणायची? फक्त विमलाबाईला ठाऊक होतं. आज फिल्ममध्ये बाई त्याबद्दल काही बोलल्या असतील, ही आशा मात्र त्यांना सकाळपासून होती. कपडेही त्यांनी स्वतःच इस्त्री केले होते.

घंटा झाली. मामांनी हिरवं बटण दाबलं आणि ते विमलाबाईशेजारी येऊन बसले.

फिल्म चांगली होती. बाईंचं बालपण आलं, तालमी आल्या, दौरे आले. दोरी ओढून दाखवणारे मामांचे हात आले, तेव्हा विमलाबाईने त्यांना कोपर मारलं. मग म्हाताऱ्या बाई दिसल्या, घरच्या झोपाळ्यावर. हर्षालीचा आवाज विचारत होता, शेवटच्या प्रयोगाला काय झालं होतं?

“सूर फाटला,” बाई हसल्या. “फाटतो कधीतरी. सभागृह गप्प झालं. लोकांना ती शांतता वाईट वाटते. तशी नव्हती हो ती. सगळी माणसं माझ्यासाठी श्वास धरून बसली होती. ऑर्गनवाला विंगेच्या तोंडाशी बसायचा. मी हात वर करून त्याच्याकडे सूर मागितला. पुन्हा उचलणार होते मी. आणि पडदा पडला.”

“कुणी टाकला?”

“विचारलं नाही. विचारलं असतं तर एक नाव मनात राहिलं असतं. सगळी घरचीच माणसं. मला वाटलं, आपल्याच माणसांना आपण संपलो असं वाटतंय, तर खरंच संपलो असू. मग मीही तसंच धरून चालले.”

विमलाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. ते पडद्याकडेच पाहत होते. झोपाळा हलत होता आणि बाई तिरप्या दिसत होत्या.

“मला वाटलं, मला केलाय हात,” ते म्हणाले.

“तुमी काय मुद्दाम केलं का?”

“मुद्दामच केलं, विमल. मायेनं केलं, पण मुद्दामच.”

विमलाबाईने त्यांचा हात हातात घेतला. दोरीचे घट्टे अजून तसेच होते.

फिल्म संपली. नावं सरकू लागली आणि बाईंच्या तरुणपणातली भैरवी लागली, भरल्या गळ्याची. समोर टाळ्या सुरू झाल्या. घंटा वाजली. पलीकडच्या विंगेतून हर्षालीने खूण केली. मामा उठले, बटणांपाशी गेले आणि नुसते उभे राहिले. शेवटी हर्षालीच धावत आली.

“मामा, लाल. घंटा झाली.”

“बाई गातायत अजून.”

“रेकॉर्डिंग आहे मामा ते. लोक उठायला लागलेत.”

“उठू द्या,” मामा म्हणाले. “बाईंचं होऊ द्या.”

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकात एक घट्ट धरून ठेवले. हर्षालीला काही कळलं नाही, पण तिनेही बटणाला हात लावला नाही. सभागृह रिकामं होत गेलं. भैरवी वरच्या सुरावर गेली, तिथे स्थिरावली आणि सावकाश खाली आली. मग नुसता पांढरा पडदा उरला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उघडं राहिलेलं मखमली कापड.

“झालं का बाईंचं?” विमलाबाईने हळूच विचारलं.

मामांनी होकाराची मान हलवली, पण हात सोडले नाहीत.